कर्ज, कज्जे आणि कोतवाल बुक : आपल्या घराण्याचा माग कसा काढावा

माझ्या खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव मला एका थकलेल्या कर्जामुळे कळलं. घरात ते कोणालाच येत नव्हतं. श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्यांची नावं घेतात, वडिलांनाही तेवढीच पाठ. चौथं नाव विचारलं की म्हणायचे, "असेल कोणीतरी." मग एकदा चुलत चुलत्यांच्या ट्रंकेत १८८०च्या दशकातलं एक कर्जरोख्याचं कागद सापडलं. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याने सावकाराला लिहून दिलेला रोखा सरकारी नोंदणीदारापुढे करावा लागे. त्यात कुळाचं (म्हणजे कर्ज घेणाऱ्याचं) नाव, बापाचं नाव, जात, वय, धंदा, राहणार कुठला, सगळं लिहून घेत. आमच्या माणसाने काढलेले पैसे फिटले की नाही देव जाणे, पण बापाचं नाव तेवढं राहिलं.

नव्याने शोधाला लागणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो. जुना कागद कोणी आठवण म्हणून लिहिलेला नाही. वसुली, वाटणी, भांडण, भरती, शिक्षा यांपैकी कशासाठी तरी तो लिहिला गेला. तेव्हा "आमचे पूर्वज कोण होते?" हा प्रश्न घेऊन कचेरीत जाऊ नका. "आमच्या माणसाचा पैशाशी, जमिनीशी किंवा सरकारशी संबंध कुठे आला असेल?" असा विचार करून जा. पहिल्या प्रश्नाला कारकून हात जोडतो, दुसऱ्याला निदान रजिस्टर काढून देतो.

आधी घरातली ट्रंक

सुरुवात स्वतःपासून करा आणि एकेक पिढी मागे जा. थेट शिवकाळात उडी मारून तिथून खाली येऊ पाहणारे पुष्कळ भेटतात. त्यांना सरदार मिळतो, पण तो आपला की दुसऱ्याचा हे शेवटपर्यंत ठरत नाही.

घरात काय शोधायचं? जुन्या लग्नपत्रिका (निमंत्रकांची नावं म्हणजे भाऊबंदांची यादीच), जन्मपत्रिका, शाळेचे दाखले, रेशनकार्डं, मनीऑर्डरच्या पावत्या, पोथीच्या पहिल्या पानावर लिहिलेले जन्म. देव्हाऱ्यातले टाक बघा, कुलदैवत, देवक आणि गोत्र जे काय असेल ते लिहून घ्या. यांवरून नाव मिळत नाही, पण मूळ गावाची दिशा मिळते. फोटोंच्या मागची बाजू बघायला विसरू नका.

मग म्हातारी माणसं. आमच्याकडे चुलते वंशावळ सांगायला बसले की सगळे पुरुष पाटासारखे सरळ रेषेत येत. खरी माहिती आत्याकडून मिळाली: कोणाची पहिली बायको बाळंतपणात गेली, कोण दत्तक गेला, कोणाशी बोलणं बंद होतं आणि का. दत्तक आणि भांडण या दोन गोष्टींनी कागद तयार होतात, म्हणून त्या नीट विचारा. बोलताना फोनवर रेकॉर्डिंग लावा, पण त्यांना सांगून.

सन कोणाला आठवत नाही. प्रसंग आठवतो. "मानमोडीत गेले" म्हणजे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. "प्लेगात" म्हटलं तर मुंबईला १८९६पासून आणि पुण्याला १८९७पासून, पण प्लेग पुढे कित्येक वर्षं येत राहिला, म्हणून पहिला की नंतरचा हे विचारायला हवं. गांधीवधानंतरची जाळपोळ १९४८ची, पानशेतचा पूर १२ जुलै १९६१चा, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. शेवटच्या तीन तारखांना बऱ्याच घरांतले कागदही गेले. तेव्हा "आमच्याकडे काहीच नाही" असं कोणी म्हटलं तर कधीपासून नाही तेही विचारा.

गाव कोणाच्या राज्यात होतं?

हा मुद्दा कंटाळवाणा वाटेल, पण इथे चुकलं की सहा महिने भलत्या जिल्ह्यात जातात. कागद गावाबरोबर राहत नाहीत, ज्याचं राज्य होतं त्याच्या दप्तरात जातात. सातारचं राज्य १८४८ साली खालसा झालं, त्यामुळे तिथले नंतरचे कागद मुंबई इलाख्याच्या पद्धतीचे. शेजारचं गाव मात्र औंध, फलटण किंवा भोर संस्थानात असेल तर १९४८च्या विलीनीकरणापर्यंत त्याचं दप्तर वेगळं. मराठवाड्याचं गाव असेल तर कागद निजामाच्या हैदराबादचे, भाषा उर्दू किंवा फारसी, आणि वर्ष फसली (निजामाचा महसुली सन). नागपूरकडचं असेल तर मध्य प्रांत. गोव्याचं असेल तर पणजीचं पुराभिलेखागार आणि पोर्तुगीज.

जिल्ह्यांची नावंही फिरली आहेत. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निघाला, सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. धरणाखाली गेलेलं गाव असेल तर पुनर्वसनानंतरचं आणि आधीचं अशी दोन गावं समजून चाला.

गाव कोणाचं हे कळलं की गॅझेटियर वाचा. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली १८७७पासून निघालेले मुंबई इलाख्याचे जिल्हावार खंड इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यात आपला माणूस सापडत नाही, पण त्या तालुक्यात काय पिकत होतं, बाजार कधी भरे, दुष्काळ कधी पडला ते कळतं. जातींबद्दलची त्यातली वर्णनं मात्र साहेबी चष्म्यातली आहेत, ती वेदवाक्य धरू नयेत.

सातबाराच्या मागे

जमीन असलेल्यांसाठी हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात भरवशाचा रस्ता. आजचा सातबारा घ्या. त्यात नावाशेजारी वर्तुळात आकडे दिसतात, ते फेरफाराचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे नंबर. कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी केलेलं नाव, ते खोडलेलं समजायचं. त्या नंबराचा फेरफार काढला की नाव का कमी झालं ते कळतं. त्या फेरफारात आणखी जुन्या फेरफाराचा नंबर असतो. असं मागे मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ला आला, म्हणून ही साखळी साधारण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जाते. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आणि सातबारे आता "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा.

वारसाचा फेरफार म्हणजे सोनं. आमच्या घराण्याचा १९१९चा एक फेरफार आहे, आठ ओळींचा. पणजोबा मयत, वारस मुलगे दोन, दोघेही "अज्ञान, अ.पा.क. आई", आणि पुढे आईचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाचा पालनकर्ता. घरात ऐकलेली गोष्ट अशी की पणजोबा मुंबईला गेले आणि परतलेच नाहीत, कोणी म्हणे तिकडे दुसरं घर केलं. आठ ओळींनी ती गोष्ट संपवली. मरणाची तारीख ऑक्टोबर १९१८ची, ठिकाण गावच. मानमोडी. आणि ज्या पणजीचं नाव कोणाला धड सांगता येत नव्हतं, तिचा अंगठा खाली उमटलेला.

अशीच आणखी काही अक्षरं भेटतात. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याचं एकट्याचं नाव लागलं म्हणजे बाकीचे भाऊ नव्हते असं नाही. जुन्या नोंदींत "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" किंवा "मर्द" म्हणजे अमक्याची बायको, "भ्रतार" म्हणजे नवरा. आडनाव बहुधा नसतंच. ते नंतर शाळेने किंवा नोकरीने चिकटवलेलं असतं, आणि दोन सख्ख्या भावांना दोन वेगळी आडनावं लागलेली घरं मी पाहिली आहेत.

१९०३च्या आधी जायचं तर भूमी अभिलेख कार्यालयात. मोजणीच्या वेळचे टिप्पण (शेताचा मापांसह कच्चा नकाशा), गुणाकार बुक (क्षेत्राची आकडेमोड), शेतवार पत्रक (शेतांची यादी), आकारफोड (साऱ्याची विभागणी). मुंबई इलाख्यात जमीनमोजणीची नवी पद्धत १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत इतरत्र पसरली. त्या वेळचे काही कागद मोडी लिपीत आहेत. गहाण, खरेदी, वाटणी किंवा दत्तक झालं असेल तर दुय्यम निबंधकाकडे "इंडेक्स टू" (नोंदलेल्या दस्तांची सूची) मागून बघा.

एकाच नावाची दोन माणसं

इथे थांबून माझी फजिती सांगतो, कारण ती प्रत्येकाची होते. एका पावसाळ्यात मी "राणू बिन तुका" या नावाच्या माणसाचे कागद गोळा करत होतो. एका कागदात तो कर्ज काढत होता, दुसऱ्यात विहिरीवरून भांडत होता, तिसऱ्यात सोसायटीचा सभासद होता. मला वाटलं, काय माणूस! मग वयं मांडली तेव्हा लक्षात आलं, विहिरीवर भांडताना तो एकशे दहा वर्षांचा ठरत होता.

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. राणू बिन तुका, त्याचा मुलगा तुका बिन राणू, त्याचा मुलगा पुन्हा राणू बिन तुका. माझे खापरपणजोबा आणि माझे आजोबा कागदावर अक्षरशः एकच. (कर्जरोख्यातून मोठ्या कष्टाने काढलेलं ते चौथं नावही पणजोबांचंच निघालं. गावातल्या एका म्हाताऱ्याला सांगितलं तर तो हसून म्हणाला, "आरं, त्ये इचारायला कागूद कशाला हवा व्हता?")

म्हणून नाव जुळलं की खूश व्हायचं नाही. वय, गट नंबर, शेजारच्या शेताचा मालक, बायकोचं नाव, यांतलं निदान आणखी एक काहीतरी जुळलं पाहिजे. आणि वहीत प्रत्येक माणसाच्या नावापुढे जन्माचं अंदाजे साल लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

जमीन नसेल तर

जुना गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्म आणि मृत्यू लिहिले जात, जमीन असो वा नसो. मुलाच्या जन्माची नोंद बापाच्या नावाखाली असते, बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी". तरी तारीख मिळते. मृत्यूच्या नोंदीत कारणही असतं: ताप, पटकी, देवी. ही पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, पानं हाताळताना तुकडे पडतात, म्हणून फोटो काढायची परवानगी आधी मागा.

२०२३पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा अनेक जिल्ह्यांनी असली रजिस्टरं गाववार स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकली. आरक्षणाच्या वादात तुमचं मत काहीही असो, शोध घेणाऱ्याला हे घबाड आहे. एकेका पानावर गावातल्या इतर घरांच्याही नोंदी असतात, तेव्हा आपली जात कोणतीही असली तरी आपल्या गावाची फाइल उघडून बघाच.

शाळेचं जनरल रजिस्टर ही दुसरी जागा. मुख्याध्यापकांना भेटा, साल सांगा, चहा घ्या. जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नका. अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला दिसेल. पोराचा कान हाताला लागतो का बघून मास्तर शाळेच्या सुरुवातीची तारीख टाकत.

वतनदार आणि बलुतेदारांसाठी इनामाचे कागद. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशन नेमलं गेलं आणि इनाम खाणाऱ्या प्रत्येकाला "हे तुला कोणी, कधी, कशासाठी दिलं?" असं विचारलं. लोकांनी उत्तरादाखल कैफियती दिल्या, त्यांना वंशावळी जोडल्या. इनाम म्हणजे मोठी जहागीरच असं नाही. देवापुढच्या दिव्याची गुरवाची जमीन, मुलाणी, जोशी, महार वतनाची जमीन, सगळ्यांची विचारपूस झाली. महार वतनं १९५८च्या कायद्याने रद्द झाली. त्या वेळी जमिनी परत देण्याच्या ज्या फायली झाल्या त्यांत अख्ख्या भावकीची नावं सापडतात. वाड्यांवरच्या माणसांपेक्षा वाड्याबाहेरच्यांचा माग अशा फायलींत चांगला लागतो, असा माझा अनुभव.

मुंबईला गिरणीत गेलेल्यांचा माग प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांत आणि गावकीच्या खोलीच्या भाडेपावत्यांत. महायुद्धांत पडलेल्या सैनिकांचा राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत, ती नावाने शोधता येते. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाला किती जण गेले आणि किती पडले याची संगमरवरी पाटी चावडीवर किंवा शाळेवर आहे. रत्नागिरीहून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्यांच्या जहाजवार नोंदी तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत आहेत. मॉरिशसची मराठी माणसं त्यावरून इकडलं गाव शोधत येतात, आपणही उलट दिशेने जाऊ शकतो.

हेळवी आणि तीर्थातल्या वह्या

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे सुगी झाली की हेळवी येतो. बैल घेऊन, घराण्याची वंशावळ म्हणत. त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं टिपण असतं, त्या वर्षात झालेले जन्म लिहून घेतो आणि धान्य नेतो. तुमच्या गावी अजून येत असेल तर सगळं टाकून त्याच्याजवळ बसा. पण वंशावळीचं टोक सूर्यवंशाला लागलं तर वरच्या पाच-सहा पिढ्या कौतुकाने ऐका आणि खालच्या लिहून घ्या.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या यात्रेकरूंच्या नोंदी असतात, पुष्कळदा त्यांच्याच हातच्या. आधी आपल्या गावाचे उपाध्ये कोण ते तिथे विचारायचं, मग गाव आणि आडनावावरून वही निघते. घाईच्या दिवशी, सिंहस्थात किंवा एकादशीला, जाऊ नका. दक्षिणा आधी बोलून घ्या आणि हाताने उतरवून घेण्याऐवजी फोटो मागा.

काशी-प्रयागच्या वहीतली तिथी वाचताना एक खाच आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. आपला मार्गशीर्ष वद्य पक्ष तिकडे पौष कृष्ण लिहिलेला असतो. आणि वर्ष शक नसून विक्रम संवत असतं, शकात १३५ मिळवून येणारं.

तारखांचं गणित

शकात ७८ मिळवले की इसवी सन. जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६००. तो अरबी शब्दांत आणि एककापासून लिहितात: "इसन्ने सबैन मया व अलफ" म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार, अर्थात ११७२, म्हणजे १७७१-७२. हे वर्ष मृगात, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतं. महिना मुसलमानी असतो आणि तारखेआधी "छ" लिहितात. निजामाच्या फसली सनात ढोबळमानाने ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. नेमका दिवस हवा तर मोडक जंत्री (तिथी आणि तारखांचा मेळ घालून देणारं पुस्तक), ती बऱ्याच जुन्या ग्रंथालयांत आहे.

श्राद्धाची तिथी कामाला येते ती इथे. आमच्या खापरपणजोबांचं श्राद्ध मार्गशीर्ष वद्य पंचमीला. आत्या म्हणाली, पहिल्या प्लेगाच्या वेळी गेले. शके १८१९ धरलं तर १८९७च्या डिसेंबरचा मध्य येतो. साल आणि आठवडा हातात आला म्हणजे वर्तमानपत्राचं दार उघडलं.

वर्तमानपत्रं

मराठी वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२च्या "दर्पण"पासून धरतात. पुण्याचं "ज्ञानप्रकाश" १८४९चं, "दीनबंधु" १८७७चं, "केसरी" ४ जानेवारी १८८१चा, "मूकनायक" ३१ जानेवारी १९२०चा, "सकाळ" १ जानेवारी १९३२चा. आपल्या माणसाचा काळ, गाव आणि समाज यांवरून पत्र निवडा. नगर जिल्ह्यातल्या शेतकरी घराण्यासाठी मी "केसरी"च्या आधी मुकुंदराव पाटलांचं तरवडीहून निघणारं "दीनमित्र" बघेन.

फायली कुठे? पुण्यात केसरीवाडा, नगर वाचन मंदिर (१८४८), पुणे मराठी ग्रंथालय. मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) आणि एशियाटिक सोसायटी, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), नाशिकचं सार्वजनिक वाचनालय (१८४०), कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर (१८५०). तालुक्याच्या वाचनालयाला कमी लेखू नका. बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकाची एकमेव फाइल तिथल्या माळ्यावर असू शकते. आधी फोन करा, फाइल बाइंडिंगला गेलेली असते किंवा ती किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात.

आता काय बघायचं. साध्या माणसाची मृत्यूची बातमी एकोणिसाव्या शतकात शोधत बसू नका, ती नसते. बघायचे ते कोपरे: कोर्टाच्या लिलावाच्या आणि जप्तीच्या नोटिसा, "जाहीर खबर", मॅट्रिकचे निकाल, नेमणुका आणि बदल्या, सभांचे वृत्तांत, गावोगावच्या बातमीदारांची पत्रं, आणि सगळ्यात फलदायी म्हणजे वर्गणीची पोच. दुष्काळ, शाळा, देऊळ, एखादा खटला, कशालाही पैसे गोळा झाले की दात्यांची यादी रुपये-आण्यांसकट छापून येई. मी १८९७च्या डिसेंबरचे अंक उघडले ते खापरपणजोबांसाठी. ते नव्हतेच. पण प्लेगामुळे गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिलेल्या लोकांची पत्रं वाचली आणि आत्या "माळावर गेले" असं का म्हणत होती ते समजलं. पुढे वीसेक वर्षांनी, एका साप्ताहिकात शाळेच्या इमारतीच्या वर्गणीत पणजोबा सापडले. आठ आणे.

ज्ञातिमासिकं विसरू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक जातींची स्वतःची मासिकं होती. त्यांत परीक्षा पास झालेले, शिष्यवृत्ती मिळालेले, विवाह, मृत्यू, कधी फोटोसुद्धा. सरकारी नोकरीतल्या पूर्वजांसाठी मुंबई सरकारचं गॅझेट, आणि नाव बदललेलं असेल तर नंतरची राजपत्रं.

पानं चाळण्याला पर्याय नाही. जुन्या खिळ्यांची छपाई संगणकाला नीट वाचता येत नाही, त्यामुळे स्कॅन असले तरी शब्द टाकून शोध बहुधा फसतो. इंग्रजी पत्रांत शोध चालतो, पण स्पेलिंगं साहेबाची: ठाण्याचं टान्ना, खडकीचं किर्की. आडनावाची चार-पाच रूपं लिहून घेऊन बसा. आणि अंकाची तारीख व पान क्रमांक फोटोत येईल असाच फोटो काढा. माझ्याकडे एका उत्तम नोटिशीचा फोटो आहे, ती कोणत्या पत्रातली हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पुराभिलेखागार आणि मोडी

इतकं सगळं झाल्यावर इथे यावं. नवखा माणूस पहिल्याच दिवशी पेशवे दप्तरात जाऊन "आमचं आडनाव बघा" म्हणतो आणि निराश होऊन परततो. तिथे आडनावाची सूची नाही. कागद रुमालांत बांधलेले, आणि रुमाल दप्तरांत विभागलेले: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी, जमाव, शाहू दप्तर, असे. गाव, परगणा आणि साल माहीत असेल तर कोणता रुमाल मागायचा हे कळतं. म्हणून आधीच्या पायऱ्या. पुण्याला पेशवे दप्तर, मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं मुख्य पुराभिलेखागार, शिवाय कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शाखा. ओळखपत्र आणि कशासाठी बघायचं याचा अर्ज लागतो. पेन्सिल न्या, पाण्याची बाटली बाहेर ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे पुष्कळ कागद "अभिलेख पटल" संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात.

मोडी शिकावी का? तुमचा शोध १९००च्या मागे जाणार असेल तर होय. अक्षरं पंधरा दिवसांत येतात, वाचन यायला वर्ष लागतं. आधी डोक्यावरची रेघ ओढून मग हात न उचलता लिहिलेलं असतं, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नसतो. पुरालेखागाराचे आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग भरतात. स्वतः पूर्ण वाचता आलं नाही तरी आपल्या गावाचं आणि माणसाचं नाव मोडीत कसं दिसतं ते एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि पानावरून नजर फिरवा. चित्र ओळखावं तसं नाव ओळखू येतं. मग ते तेवढं पान जाणकाराकडून वाचून घ्यायचं. सबंध बाड लिप्यंतराला दिलं तर खिसा रिकामा होतो.

बायका कुठे गेल्या?

वंशावळीत बहुधा नसतात. लग्नात नाव बदललेलं, माहेरचं आडनाव पुसलेलं. त्यांना शोधायचं ते माहेरच्या बाजूने: माहेरच्या गावचं कोतवाल बुक, भावाच्या वारसाचा फेरफार (बहिणींनी हक्क सोडल्याची नोंद असली तर सासरच्या गावासकट नाव मिळतं), विधवेचा पोटगीचा दावा, अज्ञान मुलांची पालनकर्ती. आमच्या पणजीचं माहेर मला हक्कसोडीच्या एका ओळीत मिळालं. तिथे गेलो तर तिच्या भावाचा पणतू भेटला. त्याच्याकडे आमच्या घराण्याबद्दल एकच गोष्ट पोचली होती: "तिकडं पोरीला फार काम पडायचं."

कामाची वही अशी ठेवा: एका पानाला एक माणूस. डावीकडे काय कळलं, उजवीकडे कुठून कळलं. ऐकीव माहिती पेन्सिलीने, कागदावरची पेनाने. कोऱ्या जागा कोऱ्याच ठेवा. आणि नाशिकला किंवा पंढरपूरला गेलात तर उपाध्ये वही पुढे करून तुमचंही नाव लिहा म्हणतील. आपलं आणि मुलाचं लिहून वही परत देऊ नका. आईचं, बायकोचं, सुनेचं, मुलीचं लिहा, प्रत्येकीपुढे माहेरचं नाव, आडनाव आणि गाव, सुट्या अक्षरांत.